वजिराच्या गाठोड्यात शिंगं

इद्रिसनं गाठोडं सोडलं आणि त्यातून आधी शिंगं निघाली.

मी ग्रीनरूमच्या दुसऱ्या टोकाला बादशहाच्या अंगरख्याला इस्त्री करत होते. लाकडी शिंगं फरशीवर पडल्याचा आवाज मला ओळखीचा आहे. मान वर केली. त्याच्या हातात पूर्ण बाह्यांचं काळं बनियन होतं, अंग काळं दिसावं म्हणून घालतात ते. पायाशी जटा, सुळ्यांची पट्टी आणि लांब नखं शिवलेले काळे हातमोजे पडले होते.

"खाला, ये मेरेकू पहनना है?" त्यानं विचारलं. मावशीला तो खाला म्हणतो.

अंगरखा जळायच्या आत मी इस्त्री उचलली.

मी उस्मानपुऱ्यात ड्रेपरीच्या दुकानात काम करते. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान. शाळांचं गॅदरिंग, हौशी नाटकं, मिरवणुकीतले देखावे, सगळे आमच्याकडे येतात. कपडे शिवायचे, धुवायचे, उसवलं तर टाके घालायचे आणि प्रयोगाला जाऊन नटांच्या अंगावर चढवायचे, हे माझं काम. एका भूमिकेचं सगळं सामान एका फडक्यात बांधतात, त्याला आम्ही गाठोडं म्हणतो. बावीस वर्षं मी गाठोडी बांधते. हात आपोआप चालतात. राजा म्हटलं की मुकुट, माळा, शेला. साधू म्हटलं की छाटी, दाढी, कमंडलू. आणि काळं म्हटलं की राक्षस. भूत असो, यमदूत असो, सगळ्यांना तेच गाठोडं जातं. काळं बनियन आणि काळे हातमोजे दुसऱ्या कशात जातच नाहीत.

शेठनं चिठ्ठी लिहून दिली होती, 'वजीर, काळा, एक'. मला लिहिलेलं वाचायला वेळ लागतो. सकाळी घाई होती. मी 'काळा' वाचलं आणि पुढचं हातांनी केलं.

नाटक आपल्या शहराचंच होतं. बाजारात विकलेला एक हबशी गुलाम पुढं वजीर होतो. दरबारातली माणसं त्याला रंगावरून टोचतात. शेवटी तो शहरात नहर, म्हणजे पाण्याचा पाट, आणतो, सगळ्यांसमोर ओंजळीनं पाणी पितो आणि म्हणतो, "पाण्याला विचारा, ते कुणाच्या हातानं आलं." मग पडदा. हौशी मंडळींचा ग्रुप होता, स्पर्धेचा प्रयोग होता, दुपारी चारचा. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणतात. दादांनी वजिराच्या कामाला इद्रिसला घेतलं. तो सुदानचा, इथं कॉलेजात शिकतो. मराठी वाक्यं त्यानं आपल्या लिपीत लिहून पाठ केली होती. तीन वर्षांत इथली बोली मात्र पक्की उचललेली.

"चुकलं रे बाबा," मी म्हटलं. "गाठोडं चुकलं. तुझं नाही ते."

"चिठ्ठी तो मेरीच है, खाला." त्यानं फडक्याला टाचलेला कागद दाखवला. मग शिंगं उचलून पुन्हा फडक्यात ठेवली आणि गाठ मारायला लागला. "रूम ढूँढते वक्त एक आंटी मेरेकू देखके भूत बोली थी. दरवाजा बंद. बाहर मेरे आठ दोस्त बैठे हैं. ये पहनके मैं नहीं जाता. नक्को."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मला माझीच शाळा आठवली. चौथीत असताना आमच्या शाळेत नाटक बसलं होतं. पैठणच्या अलीकडं आमचं गाव, आमची मेंढरं. बाईंनी मला राक्षसीण केलं आणि हसून म्हणाल्या, हिला रंगवायला नको. सगळा वर्ग हसला, मीही हसले. पाचवीचा वर्ग गावात नव्हता म्हणून शाळा तिथंच सुटली. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी ते गाठोडं मीच बांधलं होतं.

शेठला फोन लावला.

"वजिराला चालणारे सरदाराचे दोन्ही सेट पैठणला गेलेत, गॅदरिंगला," शेठ म्हणाले. "तुला सकाळी दिसलं नाय का द्वारका? नाक कापलं माझं! आता तूच निस्तर."

तेवढ्यात दादा आत आले. इद्रिस अजून शर्ट-पँटमध्ये होता.

"अरे, पाऊण तास राहिलाय आणि अजून कपडे नाही चढवले?" मग त्यांना शिंगं दिसली. "मावशी, हे काय आणलंय?"

"चुकलं, दादा."

"चुकलं म्हणून भागतं का?" ते डोकं धरून खाली बसले, लगेच उठले. "बरं. शिंगं-दात बाजूला काढा. हातमोज्यांची नखं उसवा. बनियन आणि मोजे राहू द्या, वरून काहीतरी पांघरू."

"बनियन कशाला?" इद्रिसनं मराठीत विचारलं.

"अरे, लाइटखाली तू आमच्यासारखाच दिसतोस. शेवटच्या रांगेला कळायला पाहिजे ना, हा हबशी आहे म्हणून?"

शिपायाचं काम करणारा गणेश मिशी चिकटवत होता. तो म्हणाला, "मंग मी कोण दिसतो दादा? मी तर ह्याच्यापेक्षा लई काळा हाय."

"तू गप बस. इद्रिस, रागवायचं काय त्यात? नाटकच त्याच्यावर आहे. रंगावर जाऊ नका, हेच तर आपण सांगतोय!"

इद्रिसनं बॅग खांद्याला लावली. दादांच्या चेहऱ्यावर घाम आला. दोन महिन्यांची तालीम दाराकडं निघाली होती.

मी प्रयोगाला जाते तेव्हा बोलत नाही. टाचण्या तोंडात असतात, ते बरं पडतं. त्या दिवशीही चार टाचण्या तोंडात होत्या. मी त्या काढल्या.

"दादा, ते हातमोजे घरी रंगवलेले आहेत."

"मग?"

"शेवटी वजीर पाणी पितात ना ओंजळीनं? पाण्यात रंग उतरतो. काळं पाणी निघंल. बादशहाचा पांढरा अंगरखा शेजारीच उभा असतो."

खालच्या आवाजात दादांनी एक शिवी दिली, मला नाही, हातमोज्यांना. "मग मोजे नकोत. पण नुसतं बनियन घालून हात उघडे ठेवले तर दोन रंग दिसतील."

"दिसतील," मी म्हटलं. "म्हणून बनियनही नको."

"आणि घालायचं काय त्यानं?"

"बादशहाचा दुसरा अंगरखा आहे, शिकारीच्या प्रवेशाचा. बादशहा एकाच अंगरख्यावर भागवतील. मी बसवते."

दादांनी घड्याळ बघितलं आणि हात झटकले. "काय करायचं ते करा. चारला पडदा उघडला पाहिजे."

इद्रिस दारातच उभा होता. मी टेप घेऊन गेले आणि त्याच्या पाठीला लावली. बस म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. त्यानं बॅग खाली ठेवली.

अंगरखा खांद्यात बसला, पण बाह्या चार बोटं तोकड्या. बाहीच्या टोकाला आत दुमड असते, पुढं-मागं कामाला यावी म्हणून आम्ही ती सोडतोच. ती उसवली, तीन बोटं मिळाली. इस्त्री फिरवली. पहिली घंटा झाली. कमरेला शेला नव्हता, तो जटेवर बांधायच्या लाल पट्ट्याचा केला. पगडी राहिली. बादशहाच्या राणीचा हिरवा दुपट्टा मागितला तर राणी म्हणाली, "मावशी, माझी एंट्री दुसऱ्या प्रवेशात आहे हो!" मी म्हटलं, "साडीचा पदर डोक्यावर घ्या." दुसरी घंटा झाली तेव्हा मी स्टुलावर उभी राहून इद्रिसच्या डोक्याला पगडी गुंडाळत होते.

"खाला, टाइट है."

"असू दे. वजीर आहेस. मान हलवू नको."

तिसऱ्या घंटेला तो गेला. मी विंगेत उभी राहिले. पहिल्या वाक्याला तो 'ळ' नीट म्हणू शकला नाही, मागं काही पोरं हसली. दरबाराच्या प्रवेशात एक बाही थोडी वर सरकली, मला तेवढंच दिसत राहिलं. शेवटी त्यानं घंगाळात हात घातले. उघडे हात. ओंजळ वर उचलली तेव्हा बोटांमधून पाणी गळत होतं आणि ते लाइटमध्ये स्वच्छ दिसत होतं. वाक्य त्यानं सावकाश म्हटलं. आता कुणी हसलं नाही.

आठवड्यानं निकाल लागला. नाटकाला काही मिळालं नाही. अभिनयाला नाही, वेशभूषेलाही नाही. एकच बक्षीस आलं, रंगभूषेचं, दुसरं. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'वजिराची रंगभूषा अत्यंत नैसर्गिक'.

इद्रिस ते प्रमाणपत्र घेऊन दुकानात आला. चेहऱ्याला नुसती पावडर लावली होती त्याला. हसता हसता तो खुर्चीत मागं कलला. "खाला, ये इनाम तो मेरी अम्मी का है!"

मग मी दुकानामागच्या बादल्यांपाशी गेले. धुवायचे कपडे भिजत घातले होते. तो मागं आला. एका बादलीत काळे हातमोजे होते, रात्रभर भिजलेले. तो वाकून बघत राहिला. पाणी नळाचं होतं तसंच होतं.

"खाला, इसका रंग तो छूटाच नहीं."

"मीठ घालून उकळलाय," मी म्हटलं. "पक्का आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मोजे पिळायला घेतले.

ते काळं बनियन आता मी वेगळं ठेवलं आहे. शेठ म्हणाले, "मंग राक्षसाला काय गोरा करून पाठवती का?" मी पडद्याच्या उरलेल्या कापडाचं हिरवं बनियन शिवलं आणि शिंगांबरोबर बांधून टाकलं. चिठ्ठी आता शेवटपर्यंत वाचते, वेळ लागला तरी. आणि गाठ मारल्यावर ती एकदा पुन्हा सोडते, कारण हातांना सवय असते, ते विचारत नाहीत.

हिरवं बनियन पाच-सहा प्रयोगांना जाऊन आलं. अजून एकाही राक्षसानं तक्रार केलेली नाही.