हिरव्या पाटीवरचे चरे

आमच्या बांधाले जंगल लागूनच आहे. धान पोटरीवर आला की रानडुकरं उतरतात. तारेत करंट सोडणारी झटका मशीन आहे म्हणून दोन दाणे घरी येतात.

तीच मशीन यंदा रुसली. खोलून पाह्यलं त् कुंभारमाशीनं आत चिखलाचं घर बांधलेलं! दुसऱ्याच्या दारी मळकी वस्तू नेणं आमच्यात नाई चालत. आतली बारीक पुर्जे बसवलेली हिरवी पाटी काढली, भांड्यावानी राख अन् काथ्यानं घासली, वाळवली अन् कुरखेड्याच्या बाजारात लटारूभाऊकडे नेली.

लटारूभाऊ तीस वर्षांपासून डोळ्याले भिंग लावून तिथी बसते. आधी रेडिओ, मंग टीव्ही, आता ह्या मशिनी. गिऱ्हाइकाशी धड बोलत नाई. मले त्याचा पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. बोलत नाई तो माणूस काहीतरी लपवतेच.

"बाई, पाटीवरचा हिरवा लेप खरवडला गेला," तो म्हणाला. "त्याच्याखाली तांब्याच्या केसासारख्या रेघा असतात. त्याच तुटल्या, त् करंट जाईन कुठून? ओल लागली की उरलेल्याही सडतीन."

"अन् तोडल्या कोणं? माझ्या घरून त् चकचकीत आली होती! दुरुस्तीचे पैसे काढाले तूनंच खरवडली, चोट्टा कुठला!"

भर बाजारात ओरडली मी. तो मान खाली घालून तुटक्या रेघांवर बारीक तार जोडत राह्यला. मशीन चालू झाली, तरी माझं तोंड बंद नाई झालं.

तीन आठवड्यांनी शेजारच्या पत्रूच्या मशीनीत माशी शिरली. मशीन चालू होती, फक्त चिखल होता. म्हटलं, "त्या चोराकडे नेऊ नको, मीच साफ करून देते." घासली, बसवली, बटण दाबलं. मेली! पाटी उन्हात धरली त् माझ्याच काथ्याचे आडवेउभे चरे. ही पाटी लटारूभाऊच्या हाताले लागलीच नव्हती. लाज वाटली, लय लाज वाटली.

बाजाराच्या दिवशी पत्रूची मशीन घेऊन गेली. लटारूभाऊचं टेबल रिकामं होतं.

"तुम्ही गेल्यापासून कोणी आलं नाई, बाई," तो एवढंच म्हणाला.

मी तिथीच उभी राहून ओरडली, "लटारूभाऊ चोर नाई! राखेनं पाटी मी घासली, रेघा मी तोडल्या!"

भाजीवाली शकुबाई डोळे बारीक करून म्हणाली, "काऊन वं सोमारी, आता काऊन पलटली? काय देल्लं त्यानं तुले?"

सगळे हसले. मी त्याले चोर म्हटलं होतं, त्या दिवशी ह्याच शकुबाईनं मले एक शब्द विचारला नव्हता.