देव्हाऱ्यातलं जपानी नाणं

आमच्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी ॲल्युमिनियमचं एक जपानी नाणं असायचं. आजोबा फौजेतून सिंगापूरला गेले होते. बेचाळीस साली ते लढाईत पडल्याचं पत्र आलं, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, आजीच्या पोटात होते. युद्ध संपल्यावर एक अनोळखी सैनिक दारात आला, "त्यांनी दिलंय" म्हणून हे नाणं आजीच्या हातावर ठेवलं आणि पाणीही न घेता निघून गेला.

निवृत्तीनंतर मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये मी भिंग घेऊन बसले की अण्णा म्हणायचे, "बसली चिल्लर निवडत!" पण जपानी नाण्यांवरून साल काढता येतं हे कळल्यावर त्यांनी स्वतःच ते नाणं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"मी बेचाळीसचाच. त्याच्या पुढच्या सालचं निघालं, तर मी जन्मलो तेव्हा ते जिवंत होते. स्वल्प नीट बघ गं," ते त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले. इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले.

जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. या सम्राटाच्या वर्षात एकोणीसशे पंचवीस मिळवले की आपलं साल येतं. शेवंतीचं फूल दिसलं, सम्राटाच्या काळाचं नाव लागलं, अधिकच्या चिन्हासारखा दहाचा आकडाही सापडला. असली नाणी पंधराव्या ते अठराव्या वर्षापर्यंतची. दहाच्या पुढे आठ असेल, तर त्रेचाळीस. पण तिथे नुसतीच गुळगुळीत जागा होती.

आणि मला आठवलं. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देव घासायचं काम माझं असे. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. समया, टाक आणि हे नाणं, सगळ्यांना सारखाच जोर. चकाकलं की आई कौतुक करायची, म्हणून मी आणखी घासायचे. जुनं नाणं कधी घासू नये, हा या छंदातला पहिला धडा मी आता लोकांना ऐटीत शिकवते. स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

"आठ आहे" असं ठोकून द्यावं, असं फार वाटलं. धीर झाला नाही.

"आकडा गेलाय, अण्णा. मीच घासून घालवला."

त्यांनी नाणं हातात घेतलं आणि बराच वेळ त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले.

"सरी, असू दे," ते म्हणाले. मग उठून नाणं परत देव्हाऱ्यात ठेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा हे घासू नकोस."