तिसऱ्या मजल्याचं बटण

सात मजल्यांच्या त्या कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्टमामांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांना चालताना पाहिलेला माणूसही जवळजवळ नव्हता. सकाळी नऊला ते लिफ्टमधल्या स्टुलावर बसत, ते सहाला उठत. डबासुद्धा तिथेच, मांडीवर. दिवसाकाठी दोनशे वेळा वर-खाली व्हायचं, पण पाऊल एक नाही.

"माणसं चढवून-उतरवून तुमची साखर उतरत नाही हो," बायको म्हणायची.

साखर पन्नाशीनंतर निघाली होती. गोळ्या चालू होत्या, गोड बंद होतं. तरी यंदा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा नऊ पूर्णांक एक आला. डॉक्टरीणबाईंनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "दिवसाचे किती तास बसून?"

"कामच बसायचं आहे, बाई."

"मग एक करा. दुपारचं जेवण झालं की उठायचं आणि पंधरा मिनिटं चालायचं. थोडा जिना, थोडा सपाट व्हरांडा, सावकाश. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. बसलेले तिच्याकडे बघतही नाहीत. तुमचं हृदय आणि पाय तपासलेत, काळजी नाही. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, आणि हातपाय थरथरले तर खिशातला साखरेचा खडा तोंडात टाकायचा. तीन महिन्यांनी आकडा खाली नसेल, तर इन्सुलिनची सुई सुरू."

मामांना सुईची भीती नव्हती. त्यांची भीती निराळी होती.

पूर्वीच्या लिफ्टला दांडा होता, जाळीचं दार होतं. ती मजल्याच्या बरोबरीला आणून थांबवणं ही कला होती आणि ती फक्त मामांना येत होती. सहा वर्षांपूर्वी नवी लिफ्ट आली. बटण दाबलं की दार आपोआप बंद, मजला आला की आपोआप उघडं. शेंबडं पोरही चालवील. तेव्हा मामांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "हिचं तिसऱ्याचं बटण हट्टी आहे. एकदा दाबून ऐकत नाही. दोनदा दाबायचं, तेही मधे थांबून. तुम्ही हात लावू नका, अडकाल." हे धादांत खोटं होतं. पण कुणी हात लावला नाही, आणि मामांचं स्टूल टिकलं.

आता रोज पंधरा मिनिटं लिफ्ट एकटी चालणार. लोकांना कळणार. चालावं तर नोकरीवर गदा, न चालावं तर पुढे डोळे नि पाय जायची पाळी.

पहिल्या दिवशी त्यांनी डबा बंद केला, टोपी स्टुलावर ठेवली आणि चोरासारखे जिन्याकडे गेले. पाय पायऱ्यांवर, कान भिंतीपलीकडे. लिफ्ट हलली. थांबली. दार उघडलं. पुन्हा हलली. कुठे अडकली नाही, कुणी हाक मारली नाही. मामांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. इतकी वर्षं कडेवर खेळवलेलं पोर परक्याकडे न रडता गेलं, तसं.

रविवारी दुपारी जेवणानंतर दोन तासांनी बायको बोटाला टोचून साखर मोजायची. दोनशे चाळीसची दोनशे दहा झाली, मग एकशे नव्वद. मग एकदा एकदम दोनशे तीस.

"या आठवड्यात चालला नाहीत ना?" ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या बोटाने."

खरं होतं. त्या आठवड्यात व्यवस्थापकसाहेब सारखे लिफ्टच्या आसपास दिसत होते, म्हणून मामा स्टुलाला चिकटून बसले होते. "अहो, स्टूल राहील आणि तुम्ही राहणार नाही," एवढंच बोलून ती आत गेली. मामा रात्रभर कूस बदलत राहिले. सोमवारी पुन्हा जिना.

आणि बुधवारी चौथ्या मजल्याच्या वळणावर साहेब समोर.

"मामा, तुम्ही इथे? मग लिफ्ट कोण चालवतंय?"

मामांनी कठडा धरला. कारणं चार सुचली.

"कुणी नाही, साहेब. ती आपली आपण चालते. पहिल्यापासून."

"आणि तिसऱ्याचं बटण?"

"एकदाच दाबायचं."

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "लिफ्ट बसवणाऱ्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हटलं, मामा सगळ्यांना मामा बनवतायत, बनवू देत. पण आता वरच्या लोकांच्या लक्षात आलंय. परवाच्या बैठकीत तुमचा विषय आहे."

साहेबांनी काखेतल्या फायली मामांपुढे धरल्या. "जातच आहात, तर या पाचव्यावर द्या. माझे गुडघे कुरकुरतात."

मामांनी त्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सहाव्यावरचं टपाल दिलं. बैठकीत काय झालं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. पुढच्या सोमवारी स्टूल लिफ्टमधून बाहेर आलेलं होतं. ते तळमजल्यावर, टपालाच्या खणांपाशी ठेवलं होतं. खणांवर मजल्यांचे आकडे होते आणि वर चिठ्ठी : पोचवणे, मामा.

तीन महिन्यांनी आकडा सात पूर्णांक आठ आला. "सुई सध्या राहिली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सातच्या आसपास यायचंय. थांबू नका."

थांबतात कुठले. आता बसवतच नाही त्यांना. टपाल नसलं तरी उठतात, जिन्यात जातात, तिथे गेलं की कान पुन्हा भिंतीला. परवा ते तळमजल्यावर खण लावत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या टंकलेखिकाबाई लिफ्टमध्ये शिरल्या. मामांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी तीनचं बटण दाबलं, क्षणभर थांबल्या, आणि पुन्हा एकदा दाबलं. दार बंद झालं.

मामांनी तिसऱ्याचं टपाल उचललं आणि जिना धरला.