‘चालू दे’ नसलेली भाषा

बालाजीच्या बायकोचा, सुनीताचा, फोन आला तेव्हा मी आकुर्डीच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट बघत होते. “ताई, हे गेले... पहाटेच,” एवढंच ती बोलली. समोर बस आली आणि मी रोजच्यासारखी चढले. बालाजीचं घर चिखलीत. तो थांबा मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी कामाला निघाले आहे. मोशीला उतरले आणि उलट्या दिशेची रिक्षा धरली. त्याला आता सात आठवडे झाले.

आमच्या चाकणच्या कारखान्यात बालाजी मशीनचे प्रोग्रॅम लिहायचा. मूळचा उदगीरकडचा, गवंड्याचा मुलगा. आयटीआय करून इकडे आलेला. मी तिथेच संगणक विभागात. ओळख मात्र बसमधली. एकदा तो शेजारी बसून वहीत काहीतरी लिहीत होता, मी डोकावले, तर ‘जर’, ‘नाहीतर’, ‘तोवर’ असे शब्द एकाखाली एक. “भाषा करायलोय, ताई,” तो म्हणाला. खिडकीला जाळी बसवतोय म्हणावं, तितक्या साधेपणानं. मशीनला हुकूम देण्यासाठी मराठी शब्दांची एक छोटी भाषा आणि ती यंत्राला समजेल अशी करून देणारा कंपायलर, असं दोन्ही तो एकट्यानं रचत होता. कारखान्यात ती कधी वापरली जाणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. नाव ठेवलं होतं ओळंबा. भिंत सरळ आहे का ते बघायला तो वडिलांच्या पिशवीत असायचा, म्हणून.

पुढची तीन वर्षं आम्ही जाता-येता भांडलो. बस मोशीच्या चौकात अडकली की आमचं सुरू. देवनागरीत टाइप कोण करणार, असं मी विचारायची. “मी करायलोय की,” हे त्याचं उत्तर. आकड्यापुढे मिलिमीटर की इंच हे लिहिलं नाही, तर कंपायलरनं नुसती सूचना द्यावी की कामच नाकारावं, यावर आमचा अख्खा पावसाळा गेला. त्याचं म्हणणं एकच. शंका असली की नाकारायचं. मी म्हणायची, अरे, माणसाला कधीकधी घाई असते, एखादी तपासणी तेवढ्यापुरती बंद ठेवायची सोय हवी. त्या सोयीला मी नावही सुचवलं होतं, ‘चालू दे’. बाकी बऱ्याच मुद्द्यांवर तो कधी ना कधी ऐकायचा. मी सांगितल्यावर दोनदा त्यानं वाक्यांची सगळी रचना मोडून नव्यानं केली. ‘चालू दे’ म्हटलं, की मात्र खिडकीबाहेर बघायचा.

एका संध्याकाळी परतताना मी दमलेली होते. तोच विषय निघाला आणि मी म्हणाले, “बालाजी, कंपायलर हा विषय मी कॉलेजात शिकलेय. खऱ्या भाषांमध्ये अशी सोय असतेच. तुला ते पटत नाही, कारण...” पुढचं मी गिळलं. पण ते त्याला ऐकू गेलं होतं. “बरोबर आहे, ताई,” तो म्हणाला आणि वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसू लागला. मला वाटलं, चार दिवसांत येईल. मीही उठून गेले नाही. पाच महिने आम्ही एकाच बसमधून एकमेकांकडे न बघता गेलो, आणि मग तो बसमध्ये दिसेनासा झाला. कावीळ झालीय, असं कुणीतरी सांगितलं. ती साधी कावीळ नव्हती. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, आणि तो कळला तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. डोळे हळदीसारखे, मनगटं लहान मुलीच्या मनगटांएवढी. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यानं हात वर करून थांबवलं. “त्याचं काही नाही, ताई. मी काय सांगायलोय ते ऐका.” मग थांबत थांबत त्यानं जे सांगितलं, ते मी सुनीताला विचारून इथे लिहिते आहे.

आधीच्या कारखान्यात त्याचा एक जोडीदार होता. त्याला दत्ता म्हणू. खरं नाव वेगळं आहे. मशीनचं दार उघडं असलं की मशीन थांबायचं. त्यात वेळ जातो म्हणून साहेबानं बालाजीला प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालायला सांगितली, दाराकडे लक्ष न देण्याची. दोन दिवसांपुरती. बालाजीनं ती घातली आणि ती तशीच राहिली. काही महिन्यांनी, त्या ओळीची कल्पना नसलेल्या दत्तानं लोखंडाचा कीस काढायला आत हात घातला. दार उघडं होतं, म्हणजे मशीन थांबलेलंच असणार, असं त्याला वाटलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशीत कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. बालाजी त्या खोलीत हजर होता. त्याला विचारलं गेलं आणि तो म्हणाला, मला काही माहीत नाही.

“तुमी चालू दे म्हणायलाव की मला ती ओळ दिसायची,” तो म्हणाला.

तीन वर्षं मी त्याच शब्दासाठी त्याच्याशी भांडले होते.

शेवटच्या दिवसांत त्यानं दत्तालाही घरी बोलावून सगळं सांगितलं. सुनीता स्वयंपाकघरात होती. तिला दत्ताचं एकच वाक्य ऐकू आलं : “तवाच बोलला असतास तर माझी नोकरी राहिली असती.” चहा तसाच ठेवून तो निघून गेला. अंत्यविधीलाही आला नाही. त्याचं चुकलं, असं मला म्हणता येत नाही. बालाजीलाही तसं वाटलं नसतं.

दहाव्यानंतर सुनीतानं त्याचा लॅपटॉप माझ्याकडे दिला. मागच्या रविवारी तो घेऊन मी चिखलीला गेले. “यात त्यांचा आवाज कुठं आहे का?” तिनं विचारलं. नव्हता. पण चुका दाखवताना कंपायलर जी वाक्यं दाखवतो, त्यांची एक फाइल होती. त्यानं ती कधी मला दाखवली नव्हती. मी वाचून दाखवू लागले. “आकडा लिवला, माप नाही. मिलिमीटर का इंच?” “हा शब्द मला माहीत नाही, दुसऱ्या शब्दात सांगा.” सुनीता गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती. एका वाक्याला ती किंचित हसलीही. मग आलं, “दार बंद आहे का ते बघितलं नाही. मी हलणार नाही.”

“हे कुणाला म्हणतात ते?” तिनं विचारलं.

“प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला.”

“म्हणजे स्वतःलाच,” ती म्हणाली. “वाचा पुढचं.”

मी पुढची ओळ वाचली.