आबांच्या डोक्यावरचं गावाचं नशीब

लोणावळ्याच्या बाजारात माझा दवाखाना होता, त्या काळात तिथे औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठले. औषधं निदान संपायची तरी! त्यातही जन्मखुणांचे किस्से अफलातून. अंगावर डाग दिसला, की आमच्याकडे माणूस बाजूला राहतो आणि डागाचीच सरबराई सुरू होते.

*

एक सासूबाई सुनेला आणि तान्ह्या नातवाला घेऊन आल्या. बाळाच्या मांडीवर तपकिरी डाग होता. सुनेनं दिवस गेले असताना ग्रहणात भाजी चिरली, हा त्यांचा आरोप. मी विचारलं, ग्रहण कधी लागलं होतं?

"औंदा गिरान लागलंच न्हाई. पर हिचा काय भरवसा?"

मला असा राग आला, की मी त्यांना चांगलंच सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना खोकल्याचं औषध मागितलं.

*

पलीकडच्या किराणा दुकानदाराच्या मानेवर डाग होता. ज्योतिष्यानं सांगितलेलं, ही लक्ष्मीची खूण, पण पुरुषाला उजवीकडे हवी. यांची डावीकडे. थोडी सरकवता येईल का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, "मान उलटी बसवावी लागेल." विचार करून सांगतो म्हणाले.

*

पण सगळ्यांवर कडी केली ती कान्ह्याकडच्या एका वाडीनं. तिथल्या म्हाताऱ्या आबांच्या डोक्यावर जन्मापासून पिवळसर, बिनकेसांचा चट्टा होता. बैलगाडा शर्यतीआधी अख्खी वाडी बैलांचा कासरा त्या चट्ट्यावरून फिरवून घ्यायची. उतारवयात त्या चट्ट्यावर गाठ उगवली. वाडीनं पेढे वाटले, नशीब वाढतंय म्हणून!

गाठीतून रक्त यायला लागलं, तेव्हा आबा माझ्याकडे आले. मी सांगितलं, चट्टा निरुपद्रवी होता, पण त्यात आता ही वाईट गाठ धरलीय. काढली नाही तर हाडापर्यंत पोखरत जाईल.

दुसऱ्या दिवशी पाटील हजर. शर्यत होईपर्यंत गाठीला हात लावायचा नाही, असा गावाचा निर्णय. तोवर आबांचं काही बरंवाईट झालं तर, मी विचारलं.

"समाधी बांदू की. आमी काय नगं म्हनतोय?"

*

आबा लेकीकडे भुशीला जातो म्हणून निघाले, ते थेट माझ्या टेबलावर येऊन बसले. मी गाठ मुळासकट काढली. पट्टीवर मुंडासं बांधून ते गावी परतले. शर्यतीच्या दिवशी थंडी वाजतेय म्हणाले आणि कासरा मुंडाशावरूनच फिरवून घेतला. वाडीचे बैल पहिले आले.

पाटील गुलाल माखलेले, तसेच मला ऐकवायला दवाखान्यात शिरले. "बगा डाक्टर, गाठ काडली असती तर जितलो असतो का?"

आतल्या बाकावर आबा पट्टी बदलून घ्यायला बसले होते, उघड्या डोक्यानं.

"कवाच काडली," आबा म्हणाले. "बैलं पळाली, पाटील. आता त्यांच्या पाया पडा."

पाटलांनी वाकून ते टाके नीट निरखले. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "डाक्टर, ती गाठ कुटं ठिवलीया?"