टेबल केलेला ठराव

श्रीरंग टिपणीस इंग्लंडमध्ये संपादक होते, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. लेस्टरच्या एका साप्ताहिकात नगरपालिकेच्या सभांच्या बातम्या देत देत ते संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. निवृत्तीनंतर, २००३ साली, शरयूकाकूंना घेऊन मुलाकडे अमेरिकेत, शॉमबर्गला आले आणि आम्हा अडाण्यांना इंग्रजी शिकवण्याचं पुण्यकर्म त्यांनी हाती घेतलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचं ‘प्रेअरी-मित्र’ नावाचं पाक्षिक होतं. तोवर त्यात पाककृती, वाढदिवस आणि अध्यक्षांचे फोटो येत. काका संपादक झाले आणि त्यात चक्क बातम्या येऊ लागल्या! मी त्यांच्या हाताखाली प्रुफं तपासायचे. “लतिका, अमेरिकन इंग्रजी ही भाषा नव्हे, आळस आहे,” असं ते मला ऐकवत, तेही अमेरिकेत मुलाच्या बेसमेंटमध्ये बसून. पण खरं सांगते, त्या बेसमेंटमध्ये त्यांना त्या पाक्षिकाचाच आधार होता. मुलगा-सून कामावर, नातवंडं आजोबांना ‘हाय’ म्हणून पसार. ‘संपादकसाहेब’ म्हणणारे फक्त आम्हीच.

२००६च्या गणपतीत अध्यक्ष गिरीशरावांचं दोन पानी मनोगत काकांनी चार ओळींत बसवलं. वर म्हणाले, “चारही जास्तच झाल्या.” अध्यक्षांचं पित्त खवळलं. काकांना काढण्याचा ठराव त्यांनी समितीच्या सभेत आणला. विषय काकांचाच, म्हणून काका बाहेर थांबले. थोड्या वेळाने सेक्रेटरी देवांग, इथेच जन्मलेला पोरगा, हसत हसत बाहेर आला.

“डोन्ट वरी काका, त्यांनी मोशन टेबल केलं!”

काका तडक घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर करणारा ‘निरोप’ नावाचा अग्रलेख माझ्या हातात ठेवला. काय भाषा होती! मी वाचताना रडले, आणि मूर्खासारखा तसाच छापायला पाठवला.

अंक घरोघरी गेला तसा देवांगचा फोन आला. “मावशी, काकांनी रिझाइन का केलं? वुई सेव्ह्ड हिम!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंग्लंडमध्ये ठराव टेबल केला म्हणजे चर्चेला मांडला. अमेरिकेत टेबल केला म्हणजे बासनात गुंडाळला. समितीला उभ्या आयुष्यात एकदा अक्कल सुचली होती, आणि आमच्या साहेबांनी तिचा अर्थ लेस्टरमध्ये लावला होता.

मी धावत त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. “दोन ओळींचा खुलासा छापू काका. राजीनामा मागे घ्या.”

“काय छापणार? संपादकाला इंग्रजी कळलं नाही?”

“अहो, चुकलं म्हणा ना एकदा!” शरयूकाकू कळवळून म्हणाल्या. “उद्यापासून दिवसभर इथे काय करणार आहात?”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला त्यांचा असा संताप आला, आणि तितकंच वाईटही वाटलं. काकूंकडे न बघताच ते मला म्हणाले, “देवांगला सांग, मला सगळं बरोबर कळलं होतं.”

मी तसं सांगितलं. समितीने दुसऱ्याच दिवशी राजीनामा मंजूर केला.