सगळेच नर

"पंख बघायचा, खानदान विचारायचं नाही," असं पंखपारखी उठताबसता म्हणायचा. हॅचरीत झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

त्याचं काम नजरेचं. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू तळहातावर घ्यायचं आणि बोटानं पंख हलकेच उलगडायचा. खालच्या ओळीतली पिसं वरच्यांपेक्षा लांब असली तर मादी, सारखी असली तर नर. मादी खोक्यात, नर पाटीत. खोकी अंड्यांच्या धंद्यावाल्यांकडे जायची, पाट्या कवडीमोलानं फेरीवाल्याकडे. यामागची मेखही तो नव्या माणसांना ऐटीत सांगायचा. मुलीची पिसं फुटण्याची चाल बापावर जाते, आईची चाल फक्त मुलग्यांना मिळते. इथले कोंबडे झटपट पिसं फुटणाऱ्या जातीचे, कोंबड्या रेंगाळणाऱ्या. म्हणून मुलींची खालची पिसं आधी लांबतात आणि पंख बोलतो!

खुराड्याचं बघणारी मावशी एकदा म्हणाली, "दादा, मालकांनी नवे कोंबडे आणलेत. कसले देखणे! पण पिसं फुटायला फार वेळ घेतात म्हणे. एकदा बघून जा की."

"मावशी, मी खानदान विचारत नाही."

पुढची खेप निघाली आणि पाट्या भरतच गेल्या. खोकी रिकामी.

"एकही मादी नाही?" मालकाला घाम फुटला.

"पंखाला विचारा," पंखपारखी म्हणाला.

पंखाशी कोण वाद घालणार? दोष कुणाच्या तरी माथी मारायलाच हवा होता. मावशीचा पायगुण वाईट ठरला, तिला घरी बसवलं आणि देखणे कोंबडे विकून टाकले. पंखपारख्याची नजर मात्र आणखीच वाखाणली गेली. त्या खेपेतली मूठभर पिल्लं त्यानं घरी आणली होती.

ती अंगणात वाढली; काही आरवलीच नाहीत, पण पंखपारख्याच्या शब्दापुढे तुरा कोण बघणार? एका सकाळी बायको पदराआड काहीतरी धरून आत आली.

"अहो, तुमच्या कोंबड्यानं अंडं घातलंय."

"चेष्टा पुरे."

"ऊन आहे अजून. हात लावून बघा."

त्यानं हात लावला आणि त्याला मावशीनं सांगितलेले ते देखणे कोंबडे आठवले. बापच रेंगाळणारा, मग लेकरं झटपट कुठून निघणार? मुलगे काय, मुली काय, साऱ्यांचे पंख सारखेच दिसणार. स्वतःच शिकवलेला धडा, आणि त्या नव्या कोंबड्यांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"गप्प बसा," बायको म्हणाली. "अंडं बाजारातून आणलं म्हणू. नोकरी जाईल."

"मावशीची गेलीच आहे."

त्यानं कोंबडी काखेत मारली, चपला घातल्या. समोरच्याच घरात राहणारी मावशी पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

"कोंबडा घेऊन कुठं निघालात, दादा?"

"कोंबडी आहे, मावशी," तो मान खाली घालून म्हणाला. "मालकांना दाखवायला नेतोय."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. दारातून बायको आणि पायरीवरून मावशी, दोघी तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. काखेतली कोंबडी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होती.